रोज संध्याकाळी सातला वरच्या मजल्यावरचं नेट का जायचं?

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. खाली हॉलमध्ये फायबरचा राऊटर. वरच्या मजल्यावर माझं कामाचं टेबल. मधे सहा इंची स्लॅब आणि जिन्याची जाड भिंत, त्यामुळे वायफाय वर येईपर्यंत अर्धमेलं होतं. म्हणून घराच्या लाईटच्या वायरिंगमधूनच इंटरनेट वर नेणारी पॉवरलाईन अ‍ॅडॉप्टरची जोडी आणली. दिवसभर झकास चालायची. आणि रोज संध्याकाळी सातच्या आसपास नेट जायचं, मिनिटभराने परत यायचं, पण आलेलं नेट म्हणजे नुसती गोगलगाय. सकाळी उठून बघावं तर पुन्हा ठणठणीत. असं तीन आठवडे चाललं.

आमचं घर कराडजवळ आहे. खालचा मजला जुना, वरचा नंतर चढवलेला. वायरिंगही दोन वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी दोन वेगवेगळ्या काळात केलेलं. मीटर एकच, पण थ्री फेज. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

ही अ‍ॅडॉप्टरं काय करतात ते थोडक्यात. एक खाली राऊटरशेजारी सॉकेटमध्ये खोचायचं आणि राऊटरला लॅन केबलने जोडायचं. दुसरं वर टेबलाजवळ. आपल्या तारांतून २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज वाहत असते. तिच्यावरच ही उपकरणं फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल चढवतात. या उपकरणांच्या जुन्या 'होमप्लग एव्ही' पद्धतीत साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ, एव्ही २ मध्ये ८६ पर्यंत. पलीकडचं अ‍ॅडॉप्टर तेवढाच सिग्नल गाळून घेतं.

आमचे सासरे, अण्णा, वीज मंडळातून उपकेंद्रातले ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. मला वाटलं, त्यांना हे नवल वाटेल. ते डबी हातात घेऊन म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या उपकेंद्राचा फोन हाय टेन्शनच्या तारांवरूनच चालायचा." खरं आहे ते. उपकेंद्रात लाईन आत येते तिथे पिंपासारखी मोठी गुंडाळी लटकलेली दिसते ना, तो वेव्ह ट्रॅप. तारेवरून आलेला बोलण्याचा सिग्नल यार्डात भलतीकडे पांगू नये म्हणून तो तिथे अडवायचा आणि बाजूने यंत्राकडे वळवायचा. थोडक्यात, सिग्नल कुठून जातो आणि कुठे अडतो हा प्रश्न त्या खात्यात जुनाच आहे. तेव्हाच अण्णांना नीट विचारलं असतं तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली, आणि ती बहुतेक सगळे करतात. वरचं अ‍ॅडॉप्टर स्पाईक गार्डमध्ये लावलं. महाग वस्तू आहे, जपावी, हा विचार. पण स्पाईक गार्डचं कामच मुळी तारेतला वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळायचं, आणि त्याच्या दृष्टीने आपला सिग्नल हाही कचराच. यूपीएसचंही तेच. अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचं, मधे मल्टीप्लगसुद्धा नको. नुसतं भिंतीत लावल्यावर माझा वेग ११ एमबीपीएसवरून (नेटचा वेग मोजायचं माप, पुढचे आकडेही त्यातलेच) ४० च्या पुढे गेला. शेजारच्या सॉकेटमधला मोबाईलचा स्वस्त चार्जर काढल्यावर ७० पार. चार्जर दोन्हीकडून त्रास देतो. एकतर स्वतः खरखर सोडतो, दुसरं म्हणजे त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून आपला सिग्नल परस्पर जिरून जातो. फोन लावलेला नसला तरी. काही अ‍ॅडॉप्टरांना पुढे स्वतःचं सॉकेट असतं आणि त्याला आतून गाळणी असते. तसलं असेल तर चार्जर, मॉनिटर वगैरे त्या सॉकेटमध्ये लावा, बाजूच्यात नको.

खोक्यावर ६०० लिहिलंय आणि मिळतात ७५, फसवलं का, असं बरेच जण विचारतात. ६०० हा तारेवरचा कच्चा आकडा. त्यात येणं-जाणं दोन्ही आलं, चुका दुरुस्त करण्याचा खर्च आला. शिवाय या वर्गातल्या बऱ्याच डब्यांना लॅनचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, त्यामुळे नव्वदीच्या घरातच गाडी थांबते. आमचा प्लॅनच १०० चा असल्याने मला तक्रार नव्हती.

आता सातची गोष्ट.

सगळ्यात आधी संशय नेट देणाऱ्या कंपनीवर गेला. संध्याकाळी सगळी गल्ली मोबाईल आणि टीव्हीला चिकटते, तेव्हा वेग पडणारच. पण संशय आला म्हणून फोन लावून भांडत बसण्यात अर्थ नसतो, आधी दुखणं अर्ध्यात कापायचं. सव्वासातला लॅपटॉप घेऊन खाली आले, राऊटरला थेट केबल लावली. ९४. म्हणजे घरात येणारं नेट व्यवस्थित, बिघाड राऊटर ते टेबल या पट्ट्यातच. हे कापणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते केल्याशिवाय कस्टमर केअरला फोन करू नये. ते राऊटर बंद-चालू करायला लावतात आणि आपण करत बसतो.

मग वर येऊन पिंग लावून ठेवला, म्हणजे समोरच्या यंत्राला सारखी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. विंडोजमध्ये कमांडची काळी खिडकी उघडायची, पिंग, मग राऊटरचा पत्ता (आमचा १९२.१६८.१.१) आणि शेवटी हायफन टी, म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतो. लक्षात घ्या, पिंग राऊटरला करायचा, बाहेरच्या कुठल्या साईटला नाही. दिवसा ३-४ मिलिसेकंद यायचे. सात वाजून काही मिनिटांनी एकदम 'रिक्वेस्ट टाईम्ड आऊट'च्या, म्हणजे उत्तरच नाही अशा ओळी, जवळजवळ मिनिटभर. त्यानंतर ४०, ११०, ६०, पुन्हा टाईम्ड आऊट, २१०. वेग मोजला तर ६.

वेळ ठरलेली असली की माणूस त्या वेळी घरात काय सुरू होतं ते शोधायला लागतो. मीही लागले. सातला आमच्याकडे देवघरातला दिवा लागतो, जिन्यातली एलईडी ट्यूब लागते, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स सुरू होतो, वरच्या बेडरूमचा एसी कधीकधी. यातली बरीच मंडळी खरोखरच बदनाम आहेत. स्वस्त एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सरसारखी कार्बन ब्रशवाली मोटर, इन्व्हर्टर एसी, हे सगळे तारेत खरखर सोडतात. म्हणून एमसीबी (एकेका लाईनची वीज तोडणारा खटका) एकेक करून पाडायचा आणि पिंगकडे बघायचं, असा प्रयोग ठरला. वर मी, खाली डीबीजवळ (हे सगळे खटके असतात त्या पेटीजवळ) नवरा, दोघांच्या कानाला फोन.

"आता?"

"काही फरक नाही."

"आणि आता?"

"अरे टीव्ही बंद झाला!" हे मागून सासूबाई.

फरक पडला तो जिन्यातल्या ट्यूबचा. ती बंद केली की ६ चे ९ व्हायचे. मी खूश. दुसऱ्या दिवशी नवीन ट्यूब आणून लावली. त्या संध्याकाळी सातला नेट गेलं, आलं, ९ वर अडकलं.

इथे थांबून एक सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया गेला. ७५ चा ६ होणं आणि ६ चा ९ होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ट्यूब दोषी होती, पण किरकोळ. मोठा चोर मोकळाच. शिवाय खरखरीमुळे नेट मंदावतं, मिनिटभर पूर्ण मरून परत उठत नाही. मिनिटभर मरून उठणं म्हणजे अ‍ॅडॉप्टर स्वतः बंद पडून पुन्हा चालू होत होतं. हे मला आकड्यांत दिसत होतं आणि तरी मी बल्ब बदलत बसले होते.

मधल्या काळात जोडीच खराब असेल म्हणून बहिणीची जोडी आणून लावली. तीच कथा. पेअरिंग पुन्हा केलं: एकावरचं पेअर बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावरचं. त्यानेही फरक पडला नाही. (पेअरिंग मात्र करावंच. कारखान्यातून येताना सगळ्यांचा पासवर्ड सारखाच असतो, आणि अपार्टमेंटमध्ये सिग्नल मीटर ओलांडून शेजारच्या घरात पोचू शकतो.)

शेवटी एका रविवारी पावणेसातलाच डीबीसमोर स्टूल टाकून बसले. मांडीवर लॅपटॉप, वरच्या मशीनला पिंग चालू. सातला पाच मिनिटं कमी असताना अण्णा आले. चष्मा डोळ्यावर घेतला. डीबीवर त्यांनी हौसेने बसवलेला व्होल्टमीटर आहे, त्याच्याकडे वाकून बघितलं, "एकशेनव्वद," असं स्वतःशीच पुटपुटले, आणि झाकणाच्या कडेचा काळा गोल खटका दोन घरं फिरवला. टक, टक. वरच्या मजल्याचे दिवे डोळ्याची पापणी लवावी तसे गेले आणि आले. माझ्या पडद्यावर टाईम्ड आऊट.

"अण्णा, हे काय केलं?"

"फेज बदलली. रोजच बदलतो."

तो खटका म्हणजे फेज सिलेक्टर. थ्री फेज मीटर असलेल्या कितीतरी घरांत असतो. आर, वाय, बी अशा तीन फेज येतात, आणि एखादी गेली किंवा उतरली तर त्या मजल्याचा भार दुसरीवर टाकायचा, यासाठी. आमच्याकडे खालचा मजला कायम आर वर. वरचा मजला सिलेक्टरवर. संध्याकाळी गल्लीचा भार वाढला की आर ची फेज उतरते, म्हणून अण्णा वरचा मजला बी वर टाकतात. सकाळी सहाला बोअरची मोटर बी वर चालवायची असते, म्हणून तेव्हा वरचा मजला परत आर वर. घराच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचा कारभार. वर्षानुवर्षं चाललेला, कुणाला सांगायची गरज नसलेला.

आता सगळं जुळलं. दिवसभर दोन्ही अ‍ॅडॉप्टरं आर वर, म्हणजे एकाच तारेच्या दोन टोकांना. संध्याकाळी खालचं आर वर आणि वरचं बी वर. आर आणि बी यांच्यात घरात कुठेही धातूला धातू लागलेला नसतो. सिग्नलला एका फेजवरून दुसरीवर जायचं तर शेजारून धावणाऱ्या तारांमधून झिरपूनच जावं लागतं, आणि झिरपलेला सिग्नल तो, ६ एमबीपीएस. सिलेक्टर फिरवताना क्षणभर वीज तुटते, म्हणून अ‍ॅडॉप्टर बंद पडून पुन्हा चालू होत होतं. तो मिनिट तिथला. दिवे मिचकावताना मीही रोज बघत होते. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे काम थांबायचं नाही, आणि दिवे मिचकावणं ही आपल्याकडे दखल घेण्यासारखी गोष्टच नाही.

तुमच्या घरी हेच आहे का ते तपासायला स्टूल टाकून बसायची गरज नाही. वरचं अ‍ॅडॉप्टर काढून खाली आणा आणि राऊटरच्याच खोलीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. तिथे वेग भरपूर आणि वर काहीच नाही, तर अ‍ॅडॉप्टर चांगली आहेत, दोष मधल्या वाटेत आहे. मग खोली बदलत एकेक सॉकेट तपासत वर जा. जिथे वेग पायरीवरून पाय घसरावा तसा कोसळेल, तिथे बहुधा फेज बदलली आहे किंवा मीटर. दोन मजल्यांना दोन वेगळे मीटर असतील, भाडेकरूंसाठी घेतात तसे, तर या वाटेने फारशी आशा ठेवू नका. चाललंच तर नशीब समजा.

उपाय म्हणून तीन गोष्टी समोर होत्या. अण्णांना सिलेक्टर फिरवू नका म्हणणं, ते मी म्हणणार नव्हते. दुसरं, फेजमधे सिग्नलपुरता पूल बांधणारा कपलर डीबीत बसवणं. तसले मिळतात, पण दोन फेजच्या मधे काहीही जोडायचं काम आमच्या वायरमनला पसंत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तिसरी युक्ती अण्णांचीच. वरचा मजला हलतो तर हलू दे, राऊटरचं सॉकेट पण त्याच्याबरोबर हलू दे. राऊटर डीबीपासून जेमतेम तीन फुटांवर. सिलेक्टरच्या पुढे निघालेल्या वरच्या मजल्याच्या लाईनवरून ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी घालून राऊटरच्या सॉकेटला तार आणायची. मग आर असो, वाय असो, बी असो, दोन्ही अ‍ॅडॉप्टरं कायम एकाच फेजवर.

काम तासाभराचं होतं, त्याला अर्धा दिवस गेला, कारण न्यूट्रल. वायरमनने फेजची तार बरोबर घेतली आणि न्यूट्रल मात्र जवळ पडतो म्हणून खालच्या मजल्याच्या पट्टीवरून घेतला. राऊटर चालू केला की वरच्या मजल्याची आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा, जीव वाचवणारा खटका) ठक्. वर केली, पुन्हा ठक्. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची वजाबाकी करत असते. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की ती पडते. इथे करंट तिच्यातून जात होता आणि परत येताना दुसऱ्याच दाराने निघून जात होता. राऊटर आणि अ‍ॅडॉप्टर मिळून भार किरकोळच, पण ३० मिलिअँपिअर ओलांडायला तेवढा पुरतो. न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या पुढच्या पट्टीवरून घेतल्यावर शांत झालं. तुमच्याकडे असं नवीन सॉकेट काढल्यावर ती पडायला लागली तर आधी न्यूट्रल कुठून घेतलाय ते विचारा. ती काढूनच टाकू म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा.

आणि हे काम स्वतः करू नका. सिलेक्टर ऑफवर असला तरी त्याच्या मागे येणाऱ्या तिन्ही तारा जिवंतच असतात. मेन स्विच पाडल्याशिवाय त्या झाकणाला हात नाही.

तेव्हापासून सकाळ असो की संध्याकाळ, ८० च्या वर मिळतात. सिलेक्टर फिरतो तेव्हा मिनिटभर नेट जातं, कारण आता दोन्हीकडची डबी बंद-चालू होते. त्यावर तह झालाय: अण्णा पावणेसातला खालून हाक मारतात, "फिरवू का?" मीटिंग असली तर मी थांबवते.

वर टेबलाजवळ जुना राऊटर लावून वायफायही केलंय. तिथे एक दिवस गोंधळ झाला होता. वरच्या वायफायला जोडलेले फोन कधी चालायचे, कधी नाही. घरात पत्ते वाटणारे दोन राऊटर झाले होते. जुन्या राऊटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला (आम्ही १९२.१६८.१.२ दिला), आणि अ‍ॅडॉप्टरची केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅनच्या भोकात घाला. झालं.

लाईट गेल्यावर काय, हे तुम्ही विचारणारच. खाली राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे, त्यामुळे खालचं वायफाय चालू राहतं. अ‍ॅडॉप्टरला मात्र भिंतीतलीच वीज लागते, ते त्या यूपीएसवर चालत नाही. दोन्ही अ‍ॅडॉप्टरं घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर असतील तर चालतील, तेही साईन वेव्हचा असेल तर बरं. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची खरखर फार. एक इन्व्हर्टरवर आणि एक मेनवर असेल तर लाईट गेली की वाट तुटली. आम्ही त्या वेळी मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो.

घर बांधताय किंवा फोडताय, तर यातलं काहीच करू नका. लाईटच्या पाईपपासून वेगळा एक पाईप खाली-वर टाकून ठेवा आणि त्यात तांब्याची कॅट ६ केबल ओढा, शंभर मीटरपर्यंत बिनघोर. पॉवरलाईन हा भिंत फोडायची नाही म्हणून केलेला जुगाड आहे. चांगला जुगाड आहे, पण वायरिंगमधला प्रत्येक जुना-नवा सांधा त्याला भोवतो.

मिक्सरचं अजून काही केलेलं नाही. सकाळी चटणी वाटायला घेतली की पिंग दोनशेवर जातो आणि मीटिंगमधली माणसं रोबोसारखी बोलायला लागतात. सासूबाई आता झाकणावर हात ठेवूनच जिन्यातून विचारतात, "आहे का गं कुणी वर लायनीवर?"